नंबर भुलली

माझ्या आईने पेटीच्या किती किल्ल्या तलावात घालवल्या ते त्या तलावालाच ठाऊक. आमचं घर मासोळ्या धरणाऱ्यांचं. वडील गेल्यावरही आई कमरेएवढ्या पाण्यात उतरायची, झिंगे आणि बारीक मासोळी काढायची, आणि टोपलं घेऊन भंडाऱ्याजवळच्या शहापूरला हायवेच्या कडेला विकायला बसायची. किल्ली कमरेच्या दोरीला बांधलेली असे. दोरी भिजून भिजून कुजे आणि एखाद्या दिवशी किल्लीसकट तळाशी जाई. मग कुलूप फोडा, नवं आणा. पेटीत काही घबाड नव्हतं. तराजू, वजनं, जाळं विणायची सुई आणि एक चांगलं लुगडं, एवढाच ऐवज. पण वजनं उघडी ठेवली की शेजारीपाजारी मागून नेत, आणि परत येताना त्यातलं एखादं कमी येई. वजनं नाहीत तर धंदा नाही, म्हणून पेटीला कुलूप हवंच होतं.

शेवटी वैतागून तिने बाजारातून नंबरचं कुलूप आणलं. तीन चाकांचं, पितळी रंगाचं. विकणाऱ्याने तिला दोन-चारदा लावून उघडून दाखवलं, तिने स्वतः करून पाहिलं, आणि कुलपाला चिकटवलेली नंबरची चिठ्ठी वाटेतच फाडून टाकली. घरी आल्यावर कोणाला काही सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. आईच्या पेटीत डोकावायची आमच्याकडे रीतच नव्हती. मग कितीतरी वर्षं ते कुलूप बिनतक्रार चाललं. पहाटे ती पेटीसमोर उकिडवी बसायची, कुलूप काढायची, तराजू उचलायची आणि निघायची.

मी लग्नानंतर वरठीला राहते. नवऱ्याची तिथल्या स्टील प्लँटमध्ये शिफ्ट असते, त्यामुळे माहेरी जाणं त्याच्या सुट्टीवर आणि मोटरसायकलवर अवलंबून. गावी आई, धाकटा भाऊ, त्याची बायको आणि मुलगा. भाऊ वाईट माणूस नाही, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर लोक त्याच्यावर सगळं ढकलून मोकळे होतील. बारावीपर्यंत शिकलेला, बोलायला गोड, गावात चार माणसांत उठबस असलेला. त्याचा एकच दोष, हात स्वस्थ नसतो. फोनवर बोलत बसला की चटईच्या काड्या उपसेल, बटण तोडेल. त्याची खाट त्या वर्षी नेमकी आईच्या पेटीला लागून आली होती.

एका सकाळी कुलूप उघडलं नाही. आईने बराच वेळ खटपट केली, ऊन वर आलं, टोपल्यातली मासोळी खराब होऊ लागली, आणि तिचा त्या दिवशीचा बाजार बुडाला. भावाने मला फोन केला. म्हणाला, "ताई, माय नंबर भुलली. पेटी खुलून नाई राहिली."

हे वाक्य मी पुढे फार वेळा आठवलं. आमच्याकडे भुलणं म्हणजे विसरणं. पण माणूस भ्रमिष्ट झाला, त्याचं भान सुटलं, तरी आम्ही भुललाच म्हणतो. नंबर भुलली म्हणजे एक गोष्ट आठवत नाही, आणि नुसतं भुलली म्हणजे बाई कामातून गेली. मधे फक्त एका शब्दाचं अंतर आहे. तो शब्द आमच्या घरातून कधी गळून पडला ते माझ्याशिवाय कोणाच्या लक्षातही आलं नाही.

मी पोचले तेव्हा अंगणात सगळे तिला एकच विचारत होते, नंबर काय, नंबर काय. ती सगळ्यांना एकच उत्तर देत होती, "मले का मालूम नंबर?" मीही तेच विचारलं आणि मलाही तेच उत्तर मिळालं. ती खरं बोलत होती. तिला कुलपावरचे आकडे वाचताच येत नव्हते, ना मराठी ना इंग्रजी, नोटा ती रंगावरून ओळखायची. पण इतकी वर्षं जे कुलूप ती रोज उघडते त्याचा नंबर तिला माहीत नसेल, हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात शिरायला तयार नव्हतं. आई, तू उघडतेस कसं, हा साधा प्रश्न कोणी केला नाही. आम्हा शिकलेल्यांना उत्तर आधीच माहीत होतं, प्रश्न फक्त ती ते का देत नाही एवढाच होता.

तिने आणखी एक गोष्ट सांगितली. "माया ताल्याले कोनं तरी हात लावला." त्यावर भावजयीने माझ्याकडे अशी नजर टाकली की बघा, आता संशयही सुरू झाला. भावाने फोनवर कुठेतरी ऐकलं होतं म्हणे, म्हातारपणी डोकं जायला लागलं की माणसं अशीच घरच्यांवर आळ घेतात. म्हणजे ती गप्प राहिली तर विसरली आणि बोलली तर डोकं गेलं, असा बंदोबस्त होता. अशा कचाट्यात सापडलेल्या माणसाने सुटायचं कुठून, ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात भावाने भंडाऱ्याहून कुलुपं उघडणारा माणूस आणला. मी मुद्दाम त्या दिवशी गेले. माझं म्हणणं सरळ होतं, पेटी तिची, ती समोर जिवंत बसली आहे, ती म्हणेल तेव्हाच उघडायची. विसरलेलं कुलूप काही बेवारस होत नाही. भाऊ हसला आणि म्हणाला, ताई, तिच्याच सोयीसाठी चाललंय ना सगळं. माझ्या माहेरात ज्या ज्या गोष्टी जबरदस्तीने झाल्या त्या सगळ्या कोणाच्या तरी सोयीसाठीच झाल्या आहेत.

तो माणूस मात्र पद्धतीचा निघाला, निदान सुरुवातीला. पिशवी खाली ठेवायच्या आधी त्याने विचारलं कुलूप कोणाचं. आईचं म्हटल्यावर तिच्याकडे वळला आणि म्हणाला, "माय, तुमी सांगाल तं खोलतो. नाई तं नाई."

आई म्हणाली, "नोको खोलू बाबू. माया हातानं खुलते."

मला वाटलं, झालं, संपलं. तेवढ्यात भाऊ त्याला हळूच म्हणाला, "ते भुलली हाये, भाऊ."

नंबर हा शब्द मी तिथे पहिल्यांदा गायब झालेला ऐकला. त्या माणसाने आईकडे पुन्हा एकदा पाहिलं, पण आता वेगळं पाहिलं, लहान मूल किंवा आजारी जनावर असावं तसं. मग तो खाली बसला. मी भांडले, मोठ्याने भांडले, तर भावजय म्हणाली की ताईला रोज इथे राहून करावं लागत नाही, म्हणून सुचतं. कडी ताणून धरत त्याने एकेक चाक फिरवलं आणि बोलता बोलता कुलूप हातात दिलं. मालकिणीला विचारून मगच उघडायचं, हा त्याचा नियम चांगलाच होता. फक्त मालकीण मालकीण उरली नाही असं म्हणणारा एक माणूस सापडला की तो नियम संपत होता. आई पेटीकडे न बघता उठून मागच्या अंगणात गेली.

आता नंबर कळला होता. भावाने तो तिला पाठ करायला लावला. रोज संध्याकाळी तो तिला समोर बसवून विचारी, बोल, पहिला आकडा कोणता. चार लोक जमलेले असत. ती चुकली की तो रागावत नसे, उलट मायेने हसे, आणि तेच मला असह्य होई. मग तो स्वतः कुलूप उघडून दाखवी, लावी आणि चाकं घसाघस फिरवून ठेवी. एखाद्या संध्याकाळी ही शिकवणी चुकली की पहाटे तिच्या हाताने कुलूप उघडे, एरवी उघडत नसे. हळूहळू गावाचं एकमत झालं. ती भाजीत दोनदा मीठ घालते, नातवाला मुलाच्या नावाने हाक मारते, असं सगळं सांगून झालं. नातवाला ती पहिल्यापासून तशीच हाक मारायची, आणि मीठ तर आमच्या लहानपणीही जास्तच पडायचं.

भुललेल्या बाईला पाण्यात कसं उतरू द्यायचं? तलावात जाणं बंद झालं. शहापूरला बसणंही बंद झालं, तिथे भावजय बसू लागली, आईच्याच तराजूने. तलावाचा ठेका असलेल्या मच्छीमार सोसायटीतलं आईचं नाव निघून तिथे भावाचं लागलं, त्याला कोणी हरकत घेतली नाही. आईनेही नाही. ती ओसरीत बसू लागली. ज्या बाईच्या अंगाला मी जन्मभर पाण्याचा वास घेतला, तिच्या अंगाला आता पावडरचा वास येऊ लागला, भावजय तिला स्वच्छ ठेवायची म्हणून. मला त्या वासाची चीड आली, आणि भावजयीची चूक काय ते सांगता येईना म्हणून जास्तच चीड आली.

धान कापणीच्या दिवसांत मी दोन दिवस राहायला गेले होते. भाऊ-भावजय धानाच्या बांधीवर गेलेले, घरात आम्ही दोघीच. तराजू बाहेर गेल्यापासून पेटी उघडीच असे. आईने पेटीतून लुगडं काढून उन्हात घातलं, आणि सवयीने रिकाम्या पेटीला कुलूप लावलं. मी भिंतीला टेकून बसले होते. कडी दाबल्यावर तिचे ओठ हलले. पहिल्या चाकावर बोट ठेवून ती पुटपुटली, "लाभ." मधल्यावर, "लाभ, दोन." शेवटच्यावर, "लाभ, दोन, तीन." प्रत्येक शब्दाला चाक एकदा टक करत होतं. आमच्याकडे धान मापताना, मासोळी मोजून देताना, पहिल्याला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. ती कुलूप मासोळ्यांसारखं मोजत होती.

दुपार कलल्यावर लुगडं आत ठेवायला ती पुन्हा पेटीशी बसली. नजर अंगणातल्या कोंबड्यांवर होती. बोटांनी तेच मोजणं उलट्या बाजूने केलं आणि कुलूप उघडलं.

तिला नंबर कधी माहीतच नव्हता. जिथे सोडलं तिथून मोजत परत यायचं, एवढंच तिचं उघडणं. मधे कोणी चाकांना बोट लावलं नाही तर ते कुलूप जन्मभर उघडत राहिलं असतं. आणि खाट पेटीला लागून होती.

भाऊ आल्यावर मी त्याला अंगणातच गाठलं आणि सगळं सांगितलं. तो आधी हसला. फोनवर बोलताना चाकं फिरवायचास का, असं विचारल्यावर म्हणाला, "मी तं नुसती बोटं फिरवत होतो, ताई. खोलत थोडीच होतो." त्याला ते खरंच निर्दोष वाटत होतं. मी म्हटलं, मग आता सगळ्यांना सांग, तिचा तराजू तिला दे. त्याने पायातल्या चपलेकडे पाहिलं. सोसायटीत नाव लागून गेलं होतं, बायकोची गिऱ्हाइकं बांधली गेली होती, गावात सांगून झालं होतं. म्हणाला, "पन ताई, असा कोनी ताला खोलते का? आता तिले कायले पान्यात उतरवतेस? बसू दे ना सुखानं." मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही, पण अजून त्यातला एक शब्दही मागे घ्यावासा वाटत नाही.

मग मी आत आईजवळ जाऊन बसले. म्हटलं, गाव जाऊ दे, निदान हिला तरी कळलं पाहिजे. तिचा हात धरून मी सांगितलं, "माय, तू भुललीच नोती. तो चाकं फिरवत होता, म्हनून खुलत नोतं. तुयं डोस्कं चांगलं हाये."

"कवा खुलते, कवा नाई खुलत," ती म्हणाली. "डोस्कं गेलं का असंच होते, म्हनते तो."

"माय, म्या आता डोळ्यानं पायलं. तुले येते."

तिने माझा हात थोपटला. मी लहान असताना बाजारात काही मागून रडले की थोपटायची, तसा.

"तू मायी पोरगी हायेस," ती म्हणाली. "तू तसंच म्हनशीन."