फ्रान्सिस मिस्त्रीची हंडी

रस्त्याचं काम करणाऱ्यांकडे दोन गोष्टींचे ढीग साठतात. एक खडीचे, दुसरे किश्श्यांचे. खडीची मापं निदान कोणीतरी घेतं, किस्से आपले पडून राहतात! साठ सालानंतरची चार-पाच वर्षं मी तलासरीला रस्त्याच्या कामावर ओव्हरसियर होतो. तिथल्या ढिगातले हे काही, आणि सगळे एकाच पदार्थाचे. फ्रान्सिस मिस्त्रीच्या डुकराच्या मटणाचे.

फ्रान्सिस वसईचा. मोऱ्या आणि पूल बांधण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. नाताळच्या दुसऱ्या दिवशी तो आम्हा सगळ्यांना क्वार्टरवर जेवायला बोलवायचा. खांद्याचा अख्खा तुकडा हाडासकट पातेल्यात, त्याला बाटली मसाला, लसूण, ताडीचा शिरका, आणि खाली चिकूच्या लाकडांचा मंद जाळ.

"माज्या आयच्या हातचं मटण बोटानं ओढलं की दोरे सुटायचे, दोरे! सुरी नको, दात नको!" हे तो दरवर्षी सांगायचा. त्याचं स्वतःचं मात्र तसं कधी झालं नाही. चव फर्स्ट क्लास, पण चावून चावून आमचे जबडे दुखायचे.

मी देशावरचा. डुकराचं मटण पहिल्यांदा तिथंच खाल्लं. घरी कळवलं नाही. अजूनही कळवलेलं नाही!

*

आमचे हेडक्लार्क जोशी शुद्ध शाकाहारी, पण हे आमंत्रण त्यांनी कधी चुकवलं नाही. डब्यातून दहीभात आणायचे आणि चुलीचा धूर जिकडे वळेल तिकडे खुर्ची सरकवत बसायचे.

मी एकदा विचारलं, "जोशी, हा वास चालतो तुम्हाला?"

"वास घेतल्यानं माणूस बाटतो असं शास्त्रात कुठंही लिहिलेलं नाही," ते गंभीरपणे म्हणाले. "मी मुद्दाम बघून घेतलंय!"

*

फ्रान्सिसचे बाबा नाताळला वसईहून गाडीनं डहाणू रोडला उतरायचे आणि तिथून एसटीनं तलासरीला यायचे. सत्तरीचा माणूस, तोंडात दात असे तीनच. पहिल्या वर्षी त्यांनी मटणाचा तुकडा तोंडात बराच वेळ घोळवला, हळूच ताटलीच्या कडेला ठेवला, रश्शाशी भाकरी खाल्ली आणि म्हणाले, "छान झालंय."

मी फ्रान्सिसला म्हटलं, "वा! बाबा खूश झाले की!"

त्याचा चेहरा पडला. त्याची बायको, फिलोमिनावहिनी, मला बाजूला घेऊन म्हणाली, "भाऊजी, सासूबाई होत्या तोवर बाबा रोज जेवताना एकच बोलायचे, मीठ कमी हाय. आनि भांडं पुसून खायचे. 'छान झालंय' हे ते फक्त परक्यांच्या घरी बोलतात. सासूबाई गेल्या, तेव्हापासून आमच्या घरीपन छानच होतंय."

फ्रान्सिसनं ते ऐकलं. म्हणाला, "सायब, माजा बाप माज्या घरात पावन्यासारका जेवतो!"

मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून ते मटण जमवणं आम्हा सगळ्यांचंच काम झालं.

*

मटण का शिजत नाही, याचा शोध दुसऱ्या वर्षी लागला. फ्रान्सिसला दम नव्हता. दर दहा मिनिटांनी झाकण उघडायचं, हाड ओढून बघायचं, सुटत नाही म्हणून चडफडायचं आणि पुन्हा झाकायचं.

मी म्हटलं, "अरे, तुझ्या पुलाचं काँक्रीट तू एकवीस दिवस ओलं ठेवतोस, कोणाला पाय ठेवू देत नाहीस. आणि इथं दहा मिनिटं निघत नाहीत?"

"सायब, पूल माज्या आयनं कुटं बांदला होता?" तो म्हणाला.



*

तिसऱ्या वर्षी त्यानं झाकण पक्कं बंद करायचं ठरवलं. सगळे लोक कणीक लावतात. फ्रान्सिस म्हणाला, "कणीक तडकते, वाफ पळते. वाफ न सोडनारी वस्तू आपल्या गोदामात पिंपं भरून पडलीय!"

आणि त्यानं झाकणाला डांबर लावलं!

डांबर तापलं, पातळ झालं आणि आतल्या बाजूनं मटणात उतरलं. झाकण उघडलं तेव्हा जोशींनी पहिल्यांदाच खुर्ची धुराच्या उलट बाजूला सरकवली. मी एक घास घेतला आणि तोंड धुवायला पळालो.

बाबांनी मात्र दोन घास शांतपणे गिळले. म्हणाले, "छान झालंय."

फ्रान्सिस मागच्या पायरीवर जाऊन बसला. "डांबराला छान बोलले, सायब! डांबराला!" आम्ही हसलो, आणि मग कोणालाच हसवेना.

*

पुढच्या वर्षी डिसेंबरात फ्रान्सिसच्या बदलीची ऑर्डर आली, थेट रत्नागिरीला. तलासरीतला शेवटचा नाताळ. बाबांनीही सांगून टाकलं, एवढ्या लांब काही माझ्याच्यानं येणं व्हायचं नाही.

आमच्या गँगचा मुकादम देवजी, जवळच्या वारली पाड्यावरचा. तो मला काय, इंजिनियरसाहेबांनाही 'तू'च म्हणायचा. त्यानं फ्रान्सिसला सरळ सांगितलं, "तू सारका उगडून बगतंस. आमी हंडी उपडी घालतो. उपडी हंडी कशी उगडशील?"

थंडीत त्यांच्याकडे वाल, कंद, शेंगा अशाच शिजतात, उकडहंडीत. देवजीनं मातीची हंडी आणली. तळाला पाला, मग मसाला लावलेलं मटण, वर केळीची पानं, आणि तोंडात पुन्हा पाला ठासून हंडी जमिनीवर उपडी. भोवती गोवऱ्या, त्यांच्यावर भाताचं तूस. सकाळी सहाला पेटवली. "सूर्य त्या ताडावरनं उतरला का उचलू," देवजी म्हणाला आणि बिडी ओढत बसला.

फ्रान्सिसला हंडीपासून दूर ठेवायचं काम जोशींकडे होतं. त्यांनी ऑफिसातली टेप आणून दहा फुटांवर चुन्याची रेघ मारली! फ्रान्सिस दिवसभर त्या रेघेवरून येरझाऱ्या घालत होता.

दुपारी तीनला देवजीनं राख बाजूला केली आणि हंडी सरळ केली. फ्रान्सिसनं हाड धरलं. ओढावं लागलंच नाही, हाड स्वच्छ बाहेर आलं. त्यानं दोन बोटांनी मटण ओढलं, आणि दोरे सुटले. मी एक घास घेतला. चव, मीठ, तिखट, सगळं जिथल्या तिथं!

बाबांच्या ताटलीत फ्रान्सिसनं स्वतः वाढलं आणि समोर उकिडवा बसला. बाबा जेवायला लागले. कडेला काही ठेवलं नाही. दुसऱ्यांदा घेतलं. भाकरीच्या तुकड्यानं ताटली पुसली, बोटं चाटली. मग फ्रान्सिसकडे बघून कपाळाला आठ्या घातल्या.

"मीठ कमी हाय," बाबा म्हणाले.

फ्रान्सिसनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं, त्याचे खांदे हलायला लागले. बिचारे जोशी घाबरले आणि खुर्चीवरून उठून स्वयंपाकघराकडे धावले, "थांबा, मी आणतो मीठ!"

फिलोमिनावहिनी दारात आडवी आली.

"जोशीभाऊ, मिठाला हात लावू नका!"