आखूड धाग्याचे बापूकाका

महिना झाला त्याला. सकाळीच घाटंजीहून सुमनकाकूचा फोन आला. आवाज कोरडा. "तुये काका जिंकले रे बापा… पहाटे गेले." जाणं आणि जिंकणं एकाच दमात कसं आलं, हे सांगायचं तर काकांच्या उंचीपासून सुरुवात करावी लागेल.

बापूकाका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. पाच फुटांना दोन बोटं कमी. काकू त्यांच्याहून चांगली वीतभर उंच. लग्नाच्या फोटोत काका पाटावर उभे आहेत आणि पाट दिसू नये म्हणून पुढं हारांची टोपली ठेवलेली आहे. नोकरीही अशी, की नशिबानं मुद्दाम चेष्टा करावी. कापूस खरेदी केंद्रावर ते ग्रेडर होते. गाडीतला चिमूटभर कापूस दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचा. धागा लांब निघाला तर वरचा भाव, आखूड निघाला तर खालचा. गाडीवाले हसत विचारत, "साहेब, तुमाले कोन्ता ग्रेड द्याचा?" काका तिथं हसत, पण घरी आल्यावर गुमान जेवत.

ते निवृत्त झाले ती कापसाची पडती वर्षं. लांब धाग्यालाही कुत्रं विचारीना. अशात त्यांना पेपरच्या पुरवणीत एक लेख सापडला. वाढीच्या संप्रेरकामुळं रक्तात जो वाढीचा घटक तयार होतो, तो कमी असलेली बुटकी माणसं म्हातारपणी जास्त टिकत असावीत, असं काहीसं त्यात होतं. "असावीत" हा शब्द काकांनी वाचलाच नाही. कात्रण खिशात घालून ते गावभर मिरवले. दुधानं तो घटक वाढतो म्हणे, म्हणून दूध बंद करून काळा चहा सुरू केला. उंच माणूस दिसला की कळवळून विचारायचे, "तब्येत ठीक हाये ना?" गावातल्या डॉक्टरांनी समजावलं, की यावर अजून आमचंच एकमत नाही. काका म्हणाले, "तुमी सहा फूट. तुमाले कसं पटन?"

चार-पाच महिने असे मजेत गेले. मग एका दुपारी, मी तिथंच होतो, काकूनं फळीवरचा डबा टाचा न उचलता, नुसता हात वर करून काढला. काका तिच्याकडे बघतच राहिले… बराच वेळ. संध्याकाळी त्यांनी स्वतः चहा केला. स्वतःच्या कपात सायीसकट दूध, काकूच्या कपात नुसतं काळं पाणी.

काकू भडकली. "मायं दूध काहून तोडलं? दूधवाला माह्या माहेरचा हाये!"

"तू लंबी हायेस," काका कपात बघत म्हणाले. "माह्या आंधी गेली तं? मले येकटं नाही राहाचं वं."

मी हसू दाबायला अंगणात गेलो. तिथं गेल्यावर हसू काही आलं नाही.

त्यानंतर काका रोज दूध पीत राहिले आणि काकू कुरकुरत काळा चहा. एवढं करून जिंकले ते.

परवा घाटंजीला गेलो. काकूनं मला चहा दिला आणि स्वतःसाठी काकांचा कान तुटलेला कप काढला. दुधाचं पातेलं उचललं तसा मी म्हणालो, "काकू, तू तर काळा घेतेस ना?"

"तो त्याईच्यासाठी पेत होती," ती म्हणाली. "आता कोनासाठी टिकू?"

आणि तिनं सायीसकट दूध कपात ओतलं, काठोकाठ.