धूळ वजा करताना

फोन आला तेव्हा मी कोपरगावजवळच्या आमच्या उसात उभा होतो. तोडणी चालू होती. पलीकडून एक परदेशी बाई सावकाश इंग्रजीत बोलत होत्या. त्यांचं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत मला कळलं, कारण दोन महिने मी याच फोनची धास्ती घेऊन वावरत होतो... आणि त्या धास्तीचं कारण घरात फक्त मलाच ठाऊक होतं.

माझी थोरली बहीण वसुधा खगोलशास्त्रज्ञ होती. दूर देशातल्या एका उंच, उजाड पठारावर तिची दुर्बीण होती. तिथली हवा इतकी विरळ, की माणसं नाकाला प्राणवायूची नळी लावून काम करतात. तिथून ती विश्वातला सगळ्यात जुना उजेड मोजायची. कशासाठी, ते तिनं मला एकदा बांधावर उभं राहून सांगितलं होतं. "पाटाला पाणी सुटतं तवा पहिला लोंढा कसा येतो? पाणी निघून जातं, पर गाळावर लाटांची नक्षी ऱ्हाती. विश्व जन्मलं तवा एकदम फुगलं आसंल, तर सगळं अवकाशच हाललं आसंल. त्या लाटांची नक्षी उजेडात ऱ्हायलीय का, ते बघतीय मी."

"आन् गाळावरनं म्हशी गेल्या तर?"

ती हसली नाही. "त्याचंच भ्या वाटतं. आपल्याच आकाशगंगेतली धूळ. ती बी तशीच नक्षी काढती."

पुढं तसंच झालं. नक्षी दिसली म्हणून तिनं आधी आबांना, आमच्या वडिलांना, फोन केला. आबांनी कारखान्याच्या वजनकाट्यापाशी पेढे वाटले. वर्षभरानं तिनंच गणित मांडून दाखवलं, की ती धूळ होती. आबांना सांगायला ती स्वतः गावी आली.

"मग लोकास्नी काय सांगू?" आबांनी विचारलं.

"चुकलं म्हणून सांगा."

त्यानंतर आबा काट्याकडं फारसे फिरकले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले, आणि ताईच्या कामात एक घाई शिरली. ती मला बरी दिसत नव्हती.

गेल्या दिवाळीत ती आली तेव्हा जिना चढताना दोनदा थांबली. नखं जांभळट दिसत होती. मी तिला नगरला दाखवायला नेलं. डॉक्टरांनी एकच गोष्ट दोनदा सांगितली: फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढलाय, आता उंचावर जायचं नाही. एकदाही नाही. परतताना गाडीत तिनं डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद घडी घालून पर्समध्ये टाकला.

"आईला सांगू नको."

"ताई, तू आता पुन्यांदा जायाची न्हाईस."

"एकदाच. धूळ मोजायचा नवा कॅमेरा मी बांधलाय. त्याच्या खोडी मलाच म्हाईत हायेत. तो बसला की खाली येते."

"आन् न्हाई आलीस तर?"

ती निघाली त्या दिवशी आईनं तिच्या हातावर दही घातलं. मी शेजारीच उभा होतो. तेव्हाही गप्प बसलो.

वर चढण्याआधी तिथं तपासणी होते. नगरचा कागद तिनं तिथं दाखवलाच नाही, हे मला नंतर कळलं. तिचे फोन येत होते, पण वाक्यं मध्येच तुटायला लागली होती. "वारा हाय," ती म्हणायची. फोन ठेवल्यावर आई माझ्याकडं वळायची. "वसूचा आवाज असा का येतोय रं?"

"लाईन खराब हाय," मी सांगायचो.

कॅमेरा बसला. चौथ्या दिवशी तिला घाईघाईनं खाली आणत होते, तेव्हा वाटेतच...

फोन केलेल्या त्या बाई तिच्या सहकारी. त्यांनी पुढं पत्र लिहिलं. त्या लाटा अजून सापडलेल्या नाहीत. ताईच्या कॅमेऱ्यामुळं धूळ मात्र पूर्वीपेक्षा नीट वजा करता येतेय. ते वाचून मला बरं वाटायला हवं होतं.

मागच्या आठवड्यात तिचं सामान आलं. त्यात एक वही होती. डाव्या पानांवर कॅमेऱ्याच्या नोंदी, उजव्या पानांवर तिच्या स्वतःच्या रक्तातला प्राणवायू, सकाळ-संध्याकाळ. आकडे खाली खाली जात होते. एकही गाळलेला नव्हता. शेवटच्या पानावर अक्षर वाकडं झालंय, पण आकडा आहे.

"काय लिव्हलंय?" आईनं विचारलं.

कॅमेऱ्याचं कायतरी, असं माझ्या तोंडाशी आलं होतं... मग मी पहिलं पान काढलं. नगरच्या डॉक्टरांपासून सगळं सांगितलं आणि एकेक आकडा वाचून दाखवला. वाचून झाल्यावर आईनं वही माझ्या हातातून काढून घेतली.

आता वही तिच्या उशाशी असते. तिला आकडे वाचता येतात. रोज सकाळी ती एक पान उघडते, बोट ठेवून खालपर्यंत जाते, वही मिटते. माझ्याशी ती अजून बोलत नाही.