हेरिबेर्तो दाजींचे पोहत गेलेले घर

माझे दाजी हेरिबेर्तो ओयार्सो यांना कोणतीही गोष्ट एकटी बघवत नाही. तिच्या शेजारी त्यांच्या चिली देशातल्या चिलोए बेटावरची तशीच गोष्ट उभी केल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. आमच्याकडे पाऊस पडतो, तर चिलोएला तो आडवा पडतो. आमच्या शिंपल्या चांगल्या, पण चिलोएच्या शिंपल्यांना म्हणे स्वभाव असतो. प्रिन्स रुपर्टच्या दवाखान्यात त्यांचे अपेंडिक्स काढले, तेव्हा शुद्धीवर येताच त्यांनी डॉक्टरला पहिला प्रश्न विचारला की चिलीच्या माणसाचे अपेंडिक्स इथल्यापेक्षा मोठे निघते का.

पण त्यांचा खरा आवडता विषय एकच. जास्त गरीब कोण, चिलोएची माणसे की आम्ही कॅनडाच्या किनाऱ्यावरचे आदिवासी, त्सिम्शियन? हा सामना ते आणि माझी लव्हिनिया मावशी, म्हणजे त्यांच्या सासूबाई, जाळी दुरुस्त करायच्या शेडमध्ये बसून वर्षानुवर्षे खेळत आले. दोघांनाही जिंकायचे असे, आणि जिंकणे म्हणजे जास्त गरीब ठरणे. मी जाळ्याचे टोक धरून पंचाचे काम करी.

"आमच्याकडे घरटी एक तुकडा जमीन, त्यात बटाटे. संपला संसार," दाजी सुरुवात करत.

"जमीन आहे ना? मग तू जमीनदार," मावशी सुई न थांबवता म्हणे. "आमच्या पायाखालची जमीन सरकारची. घरावर कर्ज मागायला बँकेत गेलं की बँकवाला विचारतो, बाई, घर नक्की कुणाचं?"

"पण सासूबाई, सरकार तुम्हाला चेक पाठवतं. आम्हाला पोलीस पाठवले."

"आम्हालाही आधी पोलीसच पाठवले होते. मेजवान्या बंद केल्या, मुखवटे उचलून नेले, पोरं शाळेत कोंडली. चेक मागनं आला. तुम्ही घाई केलीत, थोडं थांबायचं होतं."

"आमचे बापये अर्धं वर्ष पातागोनियात मेंढ्यांची लोकर कापायला जातात."

"आमच्या बायका अख्खा उन्हाळा कारखान्यात मासे कापतात. मेंढी निदान बें तरी करते."

"तुमच्या नदीत सॅमन मासा आपणहून चालत येतो. आमच्याकडे आता कंपन्यांनी पिंजऱ्यात पाळलाय."

"येतो खरा. धरायचं लायसन मात्र व्हँकुव्हरच्या एका दातांच्या डॉक्टरकडे आहे."

यावर दाजी टोपी काढत आणि हार मान्य करत. पण दुसऱ्या दिवशी नवी गरिबी घेऊन पुन्हा हजर.

हा माणूस आमच्याकडे आला तो त्याच्या देशात लष्कराची राजवट आली म्हणून. तिथे तो कोळ्यांच्या सोसायटीचा सेक्रेटरी होता. सेक्रेटरी कशामुळे, तर म्हणे सगळ्यांत त्याचे अक्षर बरे होते. तेवढ्या अपराधावर त्याला देश सोडावा लागला. फिरत फिरत तो प्रिन्स रुपर्टच्या मासे डबाबंद करायच्या कारखान्यात लागला. तिथे सरकत्या पट्ट्याच्या पलीकडच्या बाजूला माझी मावसबहीण मर्टल मासे साफ करत उभी असायची. पट्ट्यावरून मासे वाहत होते, त्यांच्यावरून यांचे प्रेम वाहिले. लग्न करून तो आमच्या गावात, सासूच्या घरात राहायला आला. त्यांना दोन मुली झाल्या.

आमच्यात कूळ आईकडून येते. मी, मावशी, मर्टल, तिच्या मुली, आम्ही सगळे गरुड. मर्टलचे वडील लांडग्यांपैकी. दाजींना कूळच नव्हते. माणूस चांगला, कामाला वाघ, पण मेजवानीच्या हॉलमध्ये त्याला बसायला स्वतःचा बाक नव्हता. तो कधी खांबाला टेकून उभा राही, कधी दाराशी.

बाहेरच्या जावयाला सासऱ्याच्या कुळाने आपल्यात घ्यायची रीत आहे. लांडग्यांनी दाजींनाही घेतले असते. पण मध्ये टॉवेल आला.

झाले असे, की सासरे वारल्यावर त्यांच्या कबरीचा दगड बोटीने आला. धक्क्यापासून टेकडीपर्यंत तो वाहून नेताना दाजींनी पुढचा खांदा दिला. मग लांडग्यांनी मेजवानी दिली आणि रीतीप्रमाणे भर सभेत एकेकाचे नाव पुकारून काम करणाऱ्यांना जे द्यायचे ते दिले. दाजींचे नाव आले. मर्टलच्या युफेमिया आत्याने, म्हणजे मयताच्या सख्ख्या बहिणीने, त्यांच्या हातात एक जाड हिरवा टॉवेल ठेवला. दाजी प्रेमाने हसले, टॉवेल परत आत्याच्या हातात ठेवला आणि म्हणाले, "आत्या, घरच्या कामाचं कुणी काही घेतं का?"

अख्ख्या हॉलमध्ये सूप भुरकायचे आवाज थांबले. आमच्याकडे दिलेली वस्तू परत करणे म्हणजे सर्वांदेखत सांगणे, की तुमच्या भावाचा दगड काही मी उभा राहिलेला पाहिला नाही. बिचाऱ्या दाजींना वाटले, आपल्या चांगुलपणाने सगळे भारावून गेले आहेत. तेव्हापासून युफेमिया आत्या त्यांच्याशी बोलायची बंद झाली. त्यांचा उल्लेख ती "तो" असा करी. आमच्याकडे धुक्याचाही उल्लेख असाच करतात.

आता घराकडे येतो. मावशीचे घर गावाच्या खालच्या टोकाला, किनाऱ्यावर लाकडी खांबांवर उभे होते. समुद्र दर हिवाळ्यात थोडी थोडी जमीन चाटून नेत होता. शेवटी एका वादळात लाट स्वयंपाकघरात आली आणि मावशीचा एक बूट घेऊन गेली. गावच्या कौन्सिलने सांगितले, नवीन घर नक्की मिळेल, फक्त पुढे बरेच जण आहेत.

"घर हलवू," दाजी म्हणाले.

"कशावर?" मावशीने विचारले.

"पाण्यावर. चिलोएला आम्ही नेहमी हलवतो. खाली रिकामी पिंपं बांधायची, मोठी भरती आली की घर उचललं जातं. बोटींनी ओढत पलीकडच्या उंच काठाला न्यायचं. तिथून दोर लावून वर."

"आणि बुडलं तर?"

"मग कौन्सिलकडे आपला नंबर वर सरकेल."

दाजी दारोदार फिरले. टोपी हातात घेऊन, प्रत्येक उंबऱ्यावर तेच शब्द. घर हलवायचे आहे, तुमचे हात हवेत, जेवायला मी घालीन. त्यांच्या बेटावर याला मिंगा म्हणतात, आणि बोलवायची हीच पद्धत. ते युफेमिया आत्याच्या दारातही गेले. आत्याने दार लावून घेतले, पण तिचे भाचे सगळे आले.

शरद ऋतूतल्या मोठ्या भरतीला घर उठले. एखादी जाडजूड बाई खुर्चीतून उठते तसे, कुरकुरत, एका बाजूने आधी. चार बोटींनी दोर ताणले, त्यातली एक माझी. मावशी घर सोडायला तयारच नव्हती. "आत माणूस नसेल तर ते घर कसलं, ओंडका झाला," असे म्हणून ती स्वयंपाकघराच्या खिडकीत चहाचा कप घेऊन बसली. चर्चसमोरून जाताना तिने पाद्रीबाबांना हात केला. युफेमिया आत्याच्या घरासमोर आल्यावर हात केला नाही, फक्त कप जरासा उंचावला.

पलीकडे उतारावर गोल ओंडके पसरले होते. अख्खे गाव दोराला. चिलोएला घर बैल ओढतात, आमच्याकडे बैल नाहीत. दाजींनी त्यावर उपाय म्हणून आम्हालाच बैलांची नावे दिली आणि ओरडून ओरडून हाकले. मला क्लावेल हे नाव मिळाले. नंतर कळले, तो बैल देखणा होता पण आळशी.

संध्याकाळपर्यंत घर वर, जागेवर. दाजींनी पहाटेच खड्डा खणून दगड तापवले होते. शिंपल्या, सॅमन, बटाटे, वर दलदलीतली रुंद पाने, त्यावर माती. सगळे गाव बोटे चाटत जेवले. दाजी या घोळक्यातून त्या घोळक्यात वाढत फिरत होते, डोळे पुसत. त्यांच्या दृष्टीने सर्व यथासांग पार पडले होते.

आमच्या दृष्टीने अजून काहीच झाले नव्हते. आम्ही मेजवानीची वाट बघू लागलो.

मेजवानी म्हणजे जेवण नव्हे. ज्याने हाक मारली त्याने हॉलमध्ये सगळ्यांना बसवायचे, नावे पुकारायची, हातात काहीतरी ठेवायचे. त्यानंतर घर हलले असे धरायचे. दिवस गेले, आठवडे गेले. दाजी नव्या अंगणात बटाटे लावायला वाफे करत बसले.

मग गाव आपल्या पद्धतीने बोलू लागले. कुणी माशांचा वाटा आणून दिला, तर तो जुन्या जागी, त्या ओसाड खांबांवर ठेवून गेले. पोस्टातल्या बाईने मर्टलचे पार्सल तिथेच नेऊन टेकवले. चर्चमध्ये बायका मर्टलला काळजीने विचारत, "भरतीचं पाणी घरात येतं का गं अजून?" मर्टल रोज बादली घेऊन खाली जाई आणि कावळ्यांनी अर्धे खाल्लेले मासे वर घेऊन येई.

शेवटी एक दिवस तिने बादली दाजींच्या पुढ्यात आदळली.

"मला दुकानात जायची लाज वाटते. लोकांच्या हातावर काहीतरी ठेव."

"मर्टल, आलेल्या माणसाच्या हातावर काही ठेवलं तर तो मजूर झाला. त्यांनी मला हात दिले, मी त्यांना मजूर म्हणू?"

"मग मला बेघर म्हणतात ते चालतं?"

दाजी माझ्याकडे वळले. "तूच सांग. माझ्या बापानं अर्ध्या बेटाची घरं ओढली. एकदा एका दुकानदारानं काम झाल्यावर देतो म्हणून त्याला नाणं दाखवलं. बापानं तिथल्या तिथे दोर सोडला. ते घर अजून चढावर तिरकं उभं आहे. मी त्या बापाचा मुलगा."

मी बादली उचलून बाजूला ठेवली. क्लावेलचे मत कोण विचारतो. पण माझे दाजी चिंतेने वाळायला लागले होते. ते तुलनासुद्धा करेनात. मावशीने मुद्दाम एकदा टाकून पाहिले, की यंदा आमच्यासारखे गरीब जगात कुणी नसेल. ते नुसते "हो" म्हणाले. तेव्हा मात्र मावशी घाबरली. तिने सुई खाली ठेवली.

"हे बघ, कामाचं कुणी काही मागत नाही. काम त्यांनी फुकटच केलं. आपण देतो ते बघितल्याचं. त्यांनी बघितलं आणि ते लक्षात ठेवणार, कुणी विचारलं तर सांगणार, त्याचं. आमच्याकडे कागद नव्हता. ही माणसंच आमचा कागद."

दाजींनी जाळे बाजूला सारले. मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर जुना उजेड आला.

"म्हणजे नोटरी."

"ते काय असतं?"

"चिलीत नोटरीच्या शिक्क्याशिवाय माणूस मेलेलासुद्धा धरत नाहीत. नोटरी फी घेतो. त्याला कुणी मजूर म्हणत नाही, उलट सगळे साहेब म्हणतात." ते उठून उभे राहिले. "सासूबाई, म्हणजे तुमचं अख्खं गाव नोटरी आहे?"

"अख्खं."

"आणि वर म्हणता तुम्ही गरीब. आम्हाला अख्ख्या तालुक्यात एक परवडत नाही."

हा सामना मावशी हरली, हे पंच म्हणून मी इथे नमूद करतो.

पण ज्याला कूळ नाही त्याला मेजवानी देता येत नाही. तेव्हा दाजी आणि मी युफेमिया आत्याकडे गेलो. दाजींच्या हातात टोपी. आत्याने या वेळी दार लावले नाही, पण बोललीही ती माझ्याशीच.

"त्याला काय हवंय?"

"आत्या," दाजी म्हणाले, "तुमच्या भावाचा दगड उभा राहिला तेव्हा मी तिथे होतो. मी बघितलंय. कुणीही विचारलं तर सांगीन."

आत्या आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात तोच हिरवा टॉवेल होता, घडी न मोडलेला. दाजींनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि गळ्यात टाकला.

"आता खाली ठेवू नकोस," आत्या म्हणाली. "आणि तुला आमच्यात घेतलं की मी तुझी बहीण. तुझ्या मुलींना बापाकडचं कुणी नको का? इतकी वर्षं बिनआत्याच्या वाढल्या बिचाऱ्या. मी काय रोज तुझ्या दारात येऊन विचारू, मला पोरींची आत्या व्हायचंय म्हणून?"

मेजवानी हिवाळ्यात झाली. सगळे लांडगे दाजींच्या मागे उभे राहिले आणि साखरेची पोती, संत्री, चहाचे मग, मोजे, जॅमच्या बाटल्या यांचे डोंगर हॉलमध्ये आले. आत्याने आधी दाजींना आपल्यात घेतले, नाव दिले, बाक दाखवला. मग दाजी एकेकाचे नाव पुकारू लागले. ज्यांनी दोर ओढला त्यांना दिले, ज्यांनी नुसते काठावर उभे राहून सूचना केल्या त्यांना थोडे जास्त दिले, कारण त्यांनी, दाजी म्हणाले, अधिक नीट बघितले होते. मला थर्मास मिळाला. प्रत्येकाच्या हातात वस्तू ठेवताना ते पुटपुटत, "साहेब."

शेवटचे संत्रे गेले. घर हलले. मर्टलने पहिल्यांदाच खुर्चीला पाठ टेकली.

"आता बस," आत्या कुजबुजली.

दाजी बसेनात. "हे तुमच्या रीतीनं झालं," ते सभेला म्हणाले. "बघितल्याचं दिलं. ओढल्याचं अजून राहिलंय. आमच्या बेटावर ते वस्तूंनी फिटत नाही. ज्यांनी माझं घर ओढलं त्यांच्याकडे ओढायला मी जाणार. ते काम कधीही सांगा."

आमच्या आठवणीत कुणी सगळे देऊन झाल्यावर आणखी देणे डोक्यावर घेतले नव्हते. मग मागच्या बाकावरून एडगर उठला, जुन्या किनाऱ्यावरचा शेजारी. तो घसा खाकरून म्हणाला, "माझी मासे धुरावर सुकवायची खोपटी आहे. वाऱ्याच्या बाजूला आलीये. जरा पलीकडे सरकली तर बरं होईल."

"सरकवू," दाजी म्हणाले.

"आमच्या चर्चची घंटा," पाद्रीबाबा म्हणाले.

"माझी बोटीची शेड," मी म्हणालो. आळशी असलो तरी मी दोर ओढला होता.

मग एकच गर्दी उसळली. कुणाची कोंबड्यांची खुराडी, कुणाचा शेजाऱ्याशी वादात असलेला संडास. मर्टलने कपाळाला हात लावला. हे सगळे भर हॉलमध्ये, सगळ्या नोटरींच्या देखत चालले होते, त्यामुळे आता मागे घ्यायची सोयच नव्हती.

दाजी मात्र हिरवा टॉवेल खांद्यावर टाकून बाकांमधून फिरत होते. त्यांचा चेहरा फुलला होता, आणि प्रत्येकासमोर थांबून ते मोठ्या आस्थेने विचारत होते, "पाण्यावरून न्यायचं, की जमिनीवरून?"