रिकाम्या बाटलीचा वास

आमच्या घरात मीठ कुठे असतं हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. गेल्या आठवड्यात ते गॅसच्या डाव्या हाताला होतं, त्याआधी फडताळात, आणि आज सकाळी चहाच्या डब्याशेजारी सापडलं. माझी बायको मेघाली भाजी ढवळता ढवळता मला मीठ आण म्हणते आणि स्वतः तोंड मिटून उभी राहते. माझा हात पहिल्यांदा कुठे जातो ते तिला बघायचं असतं. हात भलतीकडे गेला की मी बोलणी खायच्या तयारीत असतो, पण ती म्हणते, "तू नाही चुकलास सुजीत, मांडणी चुकली." मग डबा उचलून माझा हात जिथे गेला होता तिथे ठेवते. दुसऱ्या दिवशी सवयीने मी तो जुन्या जागी शोधतो, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू.

बोईसर स्टेशनजवळच्या एका लहान ऑफिसात ती मोबाइल ॲपची मांडणी करते. प्रोग्राम दुसरे लिहितात. कुठल्या पडद्यावर काय दिसावं, कशाला काय नाव द्यावं, माणसाला आधी काय विचारावं, हे ही ठरवते. माझं जवळच मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. फोन बिघडला म्हणून येणाऱ्या निम्म्या लोकांचा फोन बिघडलेलाच नसतो, त्यांना फक्त हवं ते बटण सापडत नसतं. मी हे हसत सांगितलं तर मेघाली म्हणाली, मग तो बिघडलेलाच आहे. तिच्या पायाला भिंगरी आहे आणि डोक्यालाही. लोक नेमके कुठे अडतात ते बघत एटीएमच्या दारात इतका वेळ उभी राहिली की तिथल्या वॉचमनने तिला हटकलं. अशा बाईशी संसार करायचा म्हणजे रोज परीक्षेला बसायचं, आणि पास कधीच व्हायचं नाही.

मागच्या हिवाळ्यात तिच्या ऑफिसला एक काम मिळालं. जवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या काही कारखान्यांना मिळून आजूबाजूच्या गावांसाठी एक ॲप हवं होतं. कुठे वायूगळती झाली, धूर आला, तर गावकऱ्याने फोनवरून कळवावं आणि भोंगा वाजावा, बंब लगेच निघावेत. मेघालीचा साहेब प्रणव याने पहिला पडदा आखला, त्यात आधी कारखान्याचं नाव निवडायचं आणि मग रसायनाचं. मेघाली घरी आली ती तणतणतच. हे उंटावरून शेळ्या हाकणं आहे, म्हणाली, डोळ्यांतून पाणी गळत असताना रसायनाचं नाव कोण वाचत बसणार. ती कुंभवलीची, वसाहतीच्या भिंतीला लागून वाढलेली. तिने प्रणवशी भांडून थोडे दिवस मागून घेतले आणि गावात फिरायला लागली.

माझ्या दुकानातल्या फोनच्या रिकाम्या खोक्यांचे पुठ्ठे कापून तिने पत्ते केले. एकेका पत्त्यावर एकेका वासाचं चित्र: अंडं, लसूण, जळकं टायर, नखांना लावायचा रंग. ते ओटीवर पसरायचे आणि लोकांना सांगायचं, जे एकत्र वाटतील त्यांचे गठ्ठे करा. कोण काय कुठे ठेवतो ते गुपचूप बघायचं. त्यातून कळलं की गावाने वासांना आपली नावं कधीचीच ठेवली आहेत. एक तर 'शनवारचा वास' होता, आणि तो सगळ्यांना ठाऊक होता. मेघाली खूश झाली. ॲपचा पहिला प्रश्न ठरला, वास कसा येतो, आणि खाली सहा चित्रं. प्रणवलाही ते पटलं.

इथे थांबली असती तर ती मेघाली कसली. चित्र बघून लोक म्हणतात तोच वास त्यांच्या मनात असतो का, हे तिला ताडून बघायचं होतं. होमिओपॅथीच्या लहान बाटल्या जमवून तिने प्रत्येकीत कापसाचा बोळा घातला. कुठे लसणाचा रस, कुठे नखांचा रंग, आणि एका बाटलीत नुसता कोरडा कापूस. लोक उगाच काहीतरी ठोकून देतात का, ते बघायला. पहिला प्रयोग घरच्यांवर म्हणून आम्ही कुंभवलीला तिच्या आईवडिलांकडे गेलो.

माझे सासरे चंद्रभान, मी त्यांना मामा म्हणतो, मेघाली आप्पा. तरुणपणी नगरकडून इथे आले, रंगाच्या कारखान्यात राबले, आणि आता एका केमिकल कारखान्याच्या गेटवर वॉचमन आहेत. पाळीत टाक्यांना फेरी मारायची आणि वेगळा वास आला की घंटा दाबायची, हे त्यांचं मुख्य काम. यंत्राच्या आधी मला कळतं, असं ते मिशीवर हात फिरवून सांगतात. त्यांनी घंटा वाजवली आणि ती खरी निघाली, असं झालेलंही आहे.

कोरडी बाटली सासूबाईंनी, म्हणजे जयवंतीमामींनी हुंगली आणि परत दिली. अगं, यात घालायला विसरलीस की काय, म्हणाल्या. मीही तेच म्हणालो. मग ती हात धुऊन नुकत्याच आत आलेल्या मामांच्या हातात गेली. त्यांनी डोळे मिटून लांब श्वास घेतला.

"शनवारचा," ते म्हणाले. "एकदम तोच."

मामी हसल्या, त्यांना थट्टा वाटली. मी मेघालीकडे बघितलं. चाचणी घेताना समोरच्याला काही सुचवायचं नाही, चेहरासुद्धा हलू द्यायचा नाही, हा तिचा नियम. चेहरा तिने हलू दिला नाही, बाटल्या मोजून पिशवीत भरल्या.

परतताना मोटरसायकलवर मागून ती म्हणाली, आप्पांना वास येत नाही. लसूणसुद्धा त्यांनी आईने नाव घेतल्यावरच ओळखला. मला वाईट वाटलं, आणि भीतीही. मी म्हटलं, निवृत्तीला थोडाच काळ उरलाय, कशाला हे उकरून काढतेस, नोकरी जाईल त्यांची.

"आणि खरंच गळती झाली, आणि गेटवर आप्पा एकटे असले तर?"

त्या आठवड्यात मीठ रोज हललं, एकदा तर ते मला चपलांच्या कपाटात मिळालं. ती जेवताना उठायची, खिडकी उघडायची, लावायची. कोरडी बाटली पर्समध्ये घेऊन ती गावभर फिरली आणि आणखी बऱ्याच म्हाताऱ्या माणसांनी तीत काहीबाही वास ओळखला. शेवटी कमळी नावाच्या माहेरच्या शेजारणीनेच हसत गुपित फोडलं.

"नाकाला कशाला इचारायचा? वारा कुटनं हाय तो बगायचा. वार शनवार, वारा खाडीकडचा, म्हंजे तोच वास."

नाकं केव्हाच थकली होती. वास लोक घेत नव्हते, तर्काने सांगत होते. मेघालीचं सहा चित्रांचं घर त्या तर्कावर उभं होतं. तिने ते सगळं पाडलं. पहिला प्रश्न आता झाला, तुम्हाला काय होतंय: डोळे चुरचुरतात, घसा धरतो, छाती भरते, चक्कर येते. वास दुसऱ्या पडद्यावर गेला. आणि पहिल्याच पडद्यावर खाली तिने आणखी एक चित्र ठेवलं, आडवी रेघ मारलेलं नाक. वास कळत नाही. हे दाबणाऱ्याला ॲप वासाचं काही विचारणार नव्हतं.

मग ती वडिलांना जाऊन भेटली. मामांनी आधी उडवून लावलं, नंतर कबूल केलं. करोनाचा ताप आला होता तेव्हा वास गेला, तो परतलाच नाही. मग घंटा कशी वाजवायचे? "तोंडं बगायचो," ते म्हणाले. ट्रकवाल्याने रुमाल नाकाला लावला, चहावाल्याने तोंड वाकडं केलं, की हे घंटा दाबायचे. रात्री कुणी समोर नसलं तर काय, हे मेघालीने विचारलं. निवृत्त होईपर्यंत कुणाशी बोलू नकोस, एवढंच ते म्हणाले. तिने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

नव्या ॲपची चाचणी नेमकी त्यांच्याच गेटवर ठरली. कारखान्याचा सुरक्षा अधिकारी आणि प्रणव हजर राहणार होते, फोनवर ॲप घालून द्यायला मी होतो. आदल्या दिवशी मेघालीने मला सांगितलं, आप्पांनी स्वतः सांगितलं तर ठीक, नाहीतर उद्या संध्याकाळी मी कारखान्याच्या साहेबांना सांगणार. मी म्हटलं, बाप आहे तो तुझा. ती म्हणाली, म्हणूनच.

गेटवर दोन ड्रायव्हरांनी ॲप झटपट वापरून दाखवलं. मग फोन मामांच्या हातात आला. मेघालीने ठरलेलं वाक्य म्हटलं: समजा आता गळती झाली आहे, तुम्ही काय कराल. आणि गप्प झाली. मामांचं बोट डोळ्याच्या चित्रावर गेलं आणि तिथेच थांबलं. ते दाबलं असतं तर काहीच उघडं पडलं नसतं, चाचणी झकास झाली असती. अधिकारी घड्याळ बघत होता. मला वाटत होतं हिने एक शब्द बोलावा, कुठल्याही बाजूने. ती बोलली नाही. मामांनी वर बघितलं, नेहमीप्रमाणे समोरच्याचं तोंड वाचायला. पण लेकीच्या तोंडावर त्या दिवशी काहीच लिहिलेलं नव्हतं. बोट खाली सरकलं आणि रेघ मारलेल्या नाकावर टेकलं.

"साहेब, मला वास येत नाय," ते म्हणाले. "लई दिवस झाले."

प्रणव ॲपविषयी काहीतरी बोलायला गेला, अधिकाऱ्याने त्याला हाताने थांबवलं. मग तो मामांना बाजूला घेऊन गेला. नोकरी राहिली. पण रात्रपाळी गेली, तिचा भत्ता गेला, टाक्यांची फेरी दुसऱ्याकडे गेली, आणि मामांच्या वाट्याला दिवसा गेटवर ट्रकांचे नंबर टिपणं आलं. गेटवरच्या पोरांनी दोन दिवस चेष्टा केली. मेघालीला वाईट वाटलं का, असं मी विचारलं, तर ती म्हणाली, खूप, आणि सुटल्यासारखंही.

चाचणीच्याच संध्याकाळी आम्ही कुंभवलीला जेवायला होतो. मामांनी जे काय झालं ते मामींना सांगितलं. मामी ऐकत वाढत राहिल्या. सुकटाची भाजी होती. रोज पहिला घास गेला की मामी विचारणार, कसं झालंय, आणि मामा म्हणणार, फक्कड, हे मी लग्नापासून बघत आलोय. त्या दिवशी त्यांनी वेगळंच विचारलं.

"मग इतकी वर्षं फक्कड म्हणत होता, ते कशावरनं?"

"तुझ्या तोंडावरनं," मामा म्हणाले.

मामी उठल्या. ओट्यापाशी जाऊन आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. तिथूनच त्यांनी विचारलं, "आता सांगा."

मामांनी आणखी एक घास घेतला, सावकाश चावला.

"मीठ कमी हाय," ते म्हणाले.

मेघाली उठली आणि न बघता हात घालून मीठ घेऊन आली. त्या घरात ते तिच्या लहानपणापासून एकाच जागी असतं.