इटलीहून आणलेला गंज

आता तुमच्यापासून काय लपवायचं! बायकोच्या पहिल्यावहिल्या चित्रप्रदर्शनाचा बोजवारा मी एकट्याने, कुणाच्याही मदतीशिवाय उडवला.

माझी बायको मंजिरी चित्रकार. इटलीतल्या समुद्राकाठच्या एका जुन्यापुराण्या, भिंतींचे पोपडे सुटलेल्या गावात महिनाभर राहून ती इकडे कतारला, दोह्यातल्या आमच्या घरी परतली. बॅगेत चित्रं आणि खिडकीची एक लोखंडी झडप! रंग उडालेली, गंजाने खाल्लेली.

"इथल्या लुसैलच्या प्रदर्शनात हीच मधोमध लावणार. सगळी चित्रं हिच्याभोवती," ती म्हणाली.

आता मी कोण? तेल कंपनीत गंज रोखणारा इंजिनिअर! गंज दिसला की माझं डोकं फिरतं. पाहुण्यांकडे गेलो तरी आधी त्यांचं ग्रिल खरवडतो. बायकोचं प्रदर्शन आणि मधोमध हे असलं कळकट? लोक काय म्हणतील? ठरवलं, सरप्राइज द्यायचं.

शुक्रवारी ती फ्रेमा आणायला गेली आणि मी अल मुंतझातल्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत कंबर कसली. वायर ब्रश, प्रायमर, वर गंजरोधक इपॉक्सी रंगाचे दोन हात. झडप काय झळकली म्हणता!

मुलीने डोकावलं. "बाबा, यू आर सो डेड."

मंजिरी आली. बघितलं. मटकन खालीच बसली.

"अरे, शंभर वर्षं समुद्राने रंगवलेलं होतं ते!" आणि रडायलाच लागली हो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण मी हार मानतो की काय? "प्रदर्शनाला आठवडा आहे ना? पुन्हा गंजवून देतो!"

अल वक्राच्या किनाऱ्यावरून कॅन भरभरून समुद्राचं पाणी आणलं. सकाळ-संध्याकाळ झडपेला अभिषेक! मीठ चोळलं, व्हिनेगर ओतलं, खरवडून पाहिलं तर रंगाचा टवकाही निघेना. छे! जन्मभर ज्याच्याशी भांडलो, त्या गंजाला हात जोडले, ये रे बाबा! ढिम्म.

शेवटी तिने ती चकाचक झडप तशीच टांगली. प्रदर्शनाला आमचे साहेब आले. झडपेवरून बोट फिरवत म्हणाले, "ये किसने किया?"

"मैंने, सर!" माझी छाती फुगली.

"खारे पानी में टिकेगा?"

"हफ्ताभर टेस्ट किया, सर! एक दाग नहीं."

साहेबांनी चष्मा काढला. "तो फिर अपने प्लांट की टंकी हर साल क्यों सड़ती है?"

मागून मंजिरी हसली, त्या आठवड्यात पहिल्यांदा.

"सर, इनसे बोलिए कि टंकी को जंग लगाना है. फिर कभी नहीं लगेगा!"