काचबिंदू पिकायची वाट

काचबिंदू पिकेल म्हणून मी वाट पाहत बसलो आणि त्यात माझा डावा डोळा गेला. उजवा आहे अजून, पण तोही काठाकाठाने कुरतडलेला. आता राहिलंय तेवढं टिकवायचं, हे एकच काम माझ्याकडे उरलं आहे, आणि खरं सांगतो, या कामाचा मला भारी कंटाळा येतो.

पिकण्याची गोष्ट मी हवेतून आणली नव्हती. आमच्या वडिलांना मोतीबिंदू झाला तेव्हा अंबडच्या शिबिरातून त्यांना परत पाठवलं होतं. अजून पिकला नाही म्हणे, पुढच्या खेपेला या. पुढच्या खेपेला ते गेले आणि डोळ्यावर हिरवं फडकं लावून आले. तेव्हापासून आमच्या घरात डोळ्यातला कोणताही बिंदू म्हणजे फळ, आणि फळ आहे तर पिकणारच, हे पक्कं झालं. त्यात आमची मोसंबीची बाग. कच्चं फळ तोडू नये एवढी अक्कल मला पोरवयापासून होती. ती मी नेमकी डोळ्यावर चालवली.

झालं असं, की बारीक अक्षर लागेना म्हणून चष्म्याचा नंबर काढायला मी जालन्याला गेलो. सोबत धाकटा भाऊ. तो टेम्पो चालवतो. बागेचा माल मंडईत पोचवणं त्याच्याकडे, त्यामुळे मला पोचवणंही त्याच्याकडेच. डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या होत्या. यंत्रावर हनुवटी टेकवून त्यांनी बराच वेळ आत पाहिलं आणि म्हणाल्या, "काका, डोळ्यात दाब वाढलाय."

"वाढणारच," मी म्हणालो. "लग्न झालेला माणूस आहे मी."

भाऊ खुदकन हसला. बाई हसल्या नाहीत.

त्यांनी नीट समजावून सांगितलं होतं, हे मला आज कबूल आहे. डोळ्यातलं पाणी धड निचरत नाही, दाब वाढतो आणि मागची नस हळूहळू मरते. दुखत नाही, खुपत नाही. नजर कडेने जाते आणि मधलं बराच काळ स्वच्छ दिसत राहतं, म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही. याला काचबिंदू म्हणतात. गेलेली नजर परत येत नाही. रोज झोपताना थेंब टाकायचे, ते सोडायचे नाहीत, आणि दाब मोजायला येत राहायचं. मग भावाकडे वळून म्हणाल्या, "हा घराण्यात असतो. तुम्हीपण तपासून घ्या."

"मला सगळं बराबर दिसतं मॅडम," भाऊ म्हणाला. "हायवेला गाडी चालवून राह्यलो मी."

एवढ्या सगळ्यातलं मी काय उचललं? तर 'बिंदू'. बाटली आणली, संपेपर्यंत थेंब टाकले. नजरेत काडीचा फरक पडला नाही. ज्या औषधाने काही होत नाही ते कशाला आणायचं, म्हणून दुसरी आणलीच नाही. हे थेंब नजर वाढवायला नसतात, आहे ती राखायला असतात, हे सांगताना बहुतेक मी पुढचा विनोद जुळवत होतो.

काही दिवसांनी भावाने विचारलं, "दादा, डोळ्याचं काय केलं मंग?"

"कच्चा आहे अजून. पिकला की काढून टाकू."

त्याने समाधानाने मान हलवली. दोघंही बागायतदार. दोघांनाही पटलं.

पुढे जग माझ्याशी वाकडं वागू लागलं. दाराची चौकट खांद्याला धडकायची. बायको डावीकडून चहा पुढे करायची आणि माझ्या हाताने कप उडायचा. "नीट धरत जा की," मी तिलाच म्हणायचो. परतूरच्या एका लग्नात आमचे व्याही माझ्या डाव्या अंगाला हात जोडून उभे राहिले. मी त्यांच्याकडे ढुंकूनही न पाहता सरळ जिलबीकडे गेलो. त्यांना वाटलं, मला माज आला. पुढे किती तरी दिवस ते माझा फोन घेत नव्हते, आणि मी बायकोला सांगत होतो, की माणसं हल्ली फार हलक्या मनाची झालीत.

शेवटी बायकोनेच मला ओट्यापाशी बसवलं. माझ्या उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि दुसरा हात समोर धरला.

"काय आहे माझ्या हातात?"

मला हातच दिसेना. राखाडी ढगासारखं काहीतरी होतं, आणि त्याच्या एका कडेला तिच्या बांगड्यांची चमक. एवढे दिवस उजवा डोळा डाव्याचं काम गपचूप ओढत होता आणि मला वाटत होतं, दोन्ही कामावर आहेत.

पुन्हा जालना, पुन्हा भावाचा टेम्पो. या वेळी एका अंधाऱ्या खोलीत यंत्रापुढे बसवून हातात बटण दिलं. कुठेही बारीक उजेड चमकला की दाबायचं. आता परीक्षा म्हटलं की मला नापास व्हायची लाज. उजेड दिसेना, तसा मी अंदाजाने ताल धरला आणि टकटक दाबत सुटलो. बाहेर येऊन भावाला म्हणालो, "एकदम फर्स्ट क्लास."

डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला. "काका, उजेड नव्हता तेव्हाही तुम्ही बटण दाबलंय. यंत्राला कळतं ते. परत बसा."

परत बसलो. या वेळी खरं खरं दाबायचं ठरवलं, आणि मग दाबायला फारसं काही आलंच नाही. त्या अंधारात नुसतं वाट पाहत बसणं फार थकवणारं होतं. बागेत काम करून माणूस थकतो ते वेगळं. हे बसून थकणं मला त्या दिवशी कळलं.

"थेंब का सोडले?" बाईंनी विचारलं.

"म्हटलं, पिकू द्यावा."

त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाल्या, "काका, हा पिकत नाही. यात नस वाळत जाते. डावा आता परत येणार नाही. उजवा राखू या."

परत येताना टेम्पोत मी भावाच्या मागे लागलो. तू तपासून घे, आजच घे, गाडी वळव.

"आणि निघालं काही तर? टेम्पो कोण चालवील मंग?" तो समोर बघत म्हणाला. "घरात दोघं आंधळे झाले असं गावभर होईल."

भीती ती होती. त्यानंतर दिसेल तिथे मी त्याला व्याख्यान द्यायचो. दाब, नस, निचरा. मी गेटातून शिरलो की तो मागच्या दाराने निघायचा. बोलून बोलून माझा घसा बसला, त्याचं मन काही वळेना.

मग एके दिवशी मंडईत, भर दुपारी, आम्ही दोघं बोलत चाललो होतो. डावीकडे एका ट्रकच्या हौद्याचा फाळका उघडा, साखळीवर आडवा लोंबत होता. मी त्याच्यावर कपाळ आपटून खाली बसलो. रक्त नाकापर्यंत आलं. हमाल धावले. "एवढा मोठा फाळका दिसला न्हाई का हो?" एक जण म्हणाला. मी विनोद शोधत होतो, सापडला नाही. भावाने आपला रुमाल माझ्या कपाळावर दाबला. नुसता त्या फाळक्याकडे बघत होता.

त्याच आठवड्यात तो कुणालाही न सांगता जालन्याला जाऊन आला. दोन्ही डोळ्यांत दाब निघाला, पण नस अजून जवळजवळ शाबूत. थेंब सुरू झाले. टेम्पो चालवायला हरकत नाही, फक्त तपासणी चुकवायची नाही.

संध्याकाळी ओट्यावर त्याने हे सगळं सांगितलं. माझ्या बायकोने देवाला हात जोडले. मला एवढ्या दिवसांत पहिल्यांदा हलकं वाटलं, आणि हलकं वाटलं की माझी जीभ सुटते. मी बायकोकडे बघून म्हणालो, "बघ, शेवटी माझं ऐकलं का न्हाई त्यानं?"

"तुमचं कोण ऐकतं दादा," भाऊ थेंबांच्या बाटलीचं झाकण लावत म्हणाला. "तुमचे हाल बघून गेल्तो मी."